रंग उडाला म्हणून विष उडत नाही
प्रस्तावना

राळेगावच्या जिनिंगमध्ये कापूस आला की रुई एकीकडे पडते आणि सरकी दुसरीकडे. रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रकवर चढून परमुलखाला निघून जातात. सरकी मात्र आपल्याच पट्ट्यात फिरत राहते. तिची ढेप गोठ्यात जाते, तेल शुद्ध होऊन डब्यात भरले जाते आणि त्यातले थोडेफार फिरून आपल्याच कढईत येते. सोयाबीनचेही तसेच. त्याआधीच्या पिढ्यांनी जवस आणि करडई घाण्यावर नेऊन तेल काढून आणले. म्हणजे तेल हा वर्धा नदीच्या या काठावरचा रोजचा विषय. रंगाचेही तेच. तुरीची डाळ पिवळीधमक दिसली पाहिजे, तिखट लालभडक असले पाहिजे, जिलबी केशरी आणि पोह्यांवरची तर्री अशी की पाहूनच घाम फुटावा. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी खाते, हे हातगाडीवाल्यालाही ठाऊक असते.

ही पुस्तिका या दोन गोष्टींच्या गाठीभेटीबद्दल आहे. अन्नात चोरून घातले जाणारे, कर्करोगाशी नाते जोडले गेलेले कृत्रिम रंग एकीकडे आणि हवेने बिघडत जाणारी तेलातली मेदाम्ले दुसरीकडे. रंगांवर स्वतंत्रपणे बरेच लिहिले गेले आहे, खवट तेलावरही. दोघे एकमेकांना भेटले की काय होते, याकडे मराठीत फारसे कोणी वळलेले नाही. तपासणीचे तक्तेसुद्धा वेगळे: रंगाचा रकाना वेगळा, तेलाचा वेगळा. शेवेच्या पुड्यात मात्र असे रकाने नसतात. तिथे रंग तेलात विरघळलेला असतो, तेल हवेशी झुंजत असते आणि पुडा टपरीच्या उन्हात टांगलेला असतो.

दोन गोष्टी एकत्र आल्या की हिशेब बदलतो, हे यवतमाळ जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. २०१७च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळून मारण्याच्या सवयीची चर्चा त्या वेळी गावोगाव झाली. प्रत्येक डब्यावरचा इशारा त्या एका डब्यापुरता असतो, मिश्रणाचा इशारा कुठेच छापलेला नसतो. अन्नातल्या रंगाचा आणि तेलाचा प्रकार इतका तडकाफडकीचा नाही, पण अडचण त्याच जातीची आहे.

आधी तेलाचे पाहू. तेलातली मेदाम्ले म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. साखळीत दुहेरी बंध नसेल तर ती संतृप्त. खोबरेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्ले अशी असतात, म्हणून ते सहसा लवकर बिघडत नाही. लिनोलेइक आम्लाच्या १८ कार्बनच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्या दोहोंच्या मधोमध बसलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन अगदी सैल असतो. सरकीच्या तेलात हे आम्ल साधारण निम्मे, सोयाबीनच्या तेलात निम्म्याहून थोडे जास्त आणि करडईच्या पारंपरिक वाणांत सुमारे तीन चतुर्थांश. जवसात तीन दुहेरी बंधांचे अल्फा-लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त भरते, म्हणून जवसाचे तेल सर्वांत उतावळे. पातळ थर दिला तर ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चक्क वाळते आणि त्याची कातडी बनते. तैलरंग बनवणाऱ्यांनी त्याचा हाच गुण शेकडो वर्षे वापरला. आपल्याकडे मात्र याच गुणामुळे जवसाची चटणी बेताचीच कुटतात.

तो सैल हायड्रोजन निघाला की मागे उरलेला मुक्त मूलक हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि पेरॉक्सी मूलक बनतो. हा मूलक शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतो, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत होतो आणि शेजाऱ्याला मूलक करून सोडतो. तो शेजारी पुन्हा तेच करतो. ऊन, उष्णता आणि लोखंड-तांब्यासारखे धातू या साखळीला वेग देतात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात तेलकट पदार्थ ठेवू नये, असे घरातल्या म्हाताऱ्या सांगत, त्यामागे हेही एक कारण आहे. हायड्रोपेरॉक्साइडला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ते फुटून हेक्झनालसारखी लहान आल्डिहाइडे बाहेर पडली की मग नाकाला खवट वास येतो. म्हणजे वास येईपर्यंत तेलात बरेच काही घडून गेलेले असते.

आता या गडबडीत रंगाचे काय होते ते पाहू, आणि सुरुवात निसर्गाच्याच रंगापासून करू. मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिन या कॅरोटिनॉइडचा. मिरचीच्या बियांत तेल असते आणि त्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. मिरची बियांसकट दळली की रंग आणि मेदाम्ल शेजारी येऊन बसतात. मेदाम्लावर तयार झालेला पेरॉक्सी मूलक फक्त दुसऱ्या मेदाम्लावरच जातो असे नाही. कॅरोटिनॉइडच्या साखळीत दुहेरी बंधांची रांगच असते, तिच्यावरही तो तुटून पडतो. रांग तुटली की रंग गेला. आषाढात डबा उघडल्यावर तिखट विटकरी दिसते, त्याचे रहस्य हे. तिखटाला चकाकी यावी म्हणून कुटताना वरून तेलाचा हात लावला असेल, तर कोणते तेल लावले यावर पुढचा हिशेब ठरतो.

भेसळीची मुळे इथे आहेत, हे मला या पुस्तिकेत ठासून सांगायचे आहे. व्यापाऱ्याच्या गोदामात पडलेल्या तिखटाचा रंग ऑक्सिडीकरणाने उडतो, भाव पडतो आणि कोणाला तरी सूदान-१ सारख्या रंगाची आठवण होते. हे रंग मेण, पॉलिश, इंधन रंगवण्यासाठी बनलेले. तेलात सहज विरघळतात आणि कॅप्सँथिनपेक्षा कितीतरी चिवट असतात. २००३मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीच्या पदार्थांत सूदान-१ सापडला आणि युरोपीय संघाने आयातीवर चाचणीची सक्ती केली. २००५च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये भेसळीचे तिखट वापरलेल्या एका सॉसपायी चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. मूठभर भेसळखोरांपायी इमानदारीने मिरची पिकवणाऱ्यांचाही माल बंदरात अडकला.

कृत्रिम रंगांच्या बदनामीचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १८९५मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने रंग कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. १९३०च्या दशकात जपानमध्ये योशिदा आणि किनोशिता यांनी अझो रंग, म्हणजे रेणूत नायट्रोजन-नायट्रोजन बंध असलेले रंग, खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतात कर्करोग दाखवून दिला. किनोशितांचा रंग होता बटर यलो, म्हणजे डायमिथिलअमिनोअझोबेन्झीन. लोणी आणि मार्गारिन पिवळे दिसावे म्हणून वापरल्या गेलेल्या या रंगाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आज ‘२-ब’ या गटात, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहे.

बटर यलोच्या प्रयोगांतून एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. रंग तोच, मात्रा तीच, पण उंदराचा आहार बदलला की निकाल बदलतो. नुसत्या भातावर ठेवलेल्या उंदरांना गाठी लवकर होत. आहारात यीस्ट किंवा यकृत मिसळले की त्या टळत. यामागचा एक मोठा घटक निघाला रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. बटर यलोमधला नायट्रोजन-नायट्रोजन बंध तोडून त्याला निकामी करणारे यकृतातले विकर याच जीवनसत्त्वावर चालते.

तेलाचा प्रश्न याच टप्प्यावर पुढे आला. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की मक्याच्या तेलावर ठेवलेल्या उंदरांत गाठी अधिक होतात आणि हायड्रोजनीकृत खोबरेलावर ठेवलेल्यांत कमी. म्हणजे असंतृप्त तेलाने रंगाला साथ दिली. याच दशकात पॉल ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेतून नेमकी उलटी वाटणारी गोष्ट समोर आली. लिनोलेइक आम्ल खवट होताना त्यात मिसळलेला बटर यलो नष्ट होतो, आणि अँटिऑक्सिडंट घातले तर रंग वाचतो. म्हणजे उंदराच्या तोंडी जाण्याआधीच खाद्यातला रंग घटत असेल, तर त्याला गाठी कमी होण्याचे श्रेय उगाच एखाद्या ‘संरक्षक’ अन्नघटकाला दिले जाण्याचा धोका.

पुस्तिकेचा गाभा या पेचात आहे. तेच मेदाम्ल बरणीत रंगाचा नाश करते आणि शरीरात रंगाची बाजू घेते. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, कारण जागा वेगळ्या आहेत. बरणीत पेरॉक्सी मूलक रंगाच्या रेणूवर थेट हल्ला करतो. अरोमॅटिक अमाईन असलेले रंग मूलकाला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देऊन टाकतात, स्वतः मोडतात आणि काही काळ तेलाला वाचवतातही. शरीरात विकरांची यंत्रणा मधे येते. बटर यलो स्वतः थेट डीएनएला चिकटत नाही. यकृत त्याचा एक मिथिल गट काढते, नायट्रोजनवर ऑक्सिजन बसवते, पुढे त्याचे सल्फेट करते, आणि मग जो जहाल तुकडा तयार होतो तो डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन बिलगतो. रंगाचे अवशेष यकृतातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेले असतात, हे जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने १९४७मध्येच दाखवले होते.

तिसरी जागा त्याहून सूक्ष्म. आपल्या पेशी अरॅकिडोनिक आम्ल या मेदाम्लाचे मुद्दाम ऑक्सिडीकरण करून प्रोस्टाग्लँडिन बनवतात. या कामात हायड्रोपेरॉक्साइड तयार होते आणि ते मोडताना विकराला इलेक्ट्रॉन देणारे कोणीतरी हवे असते. जवळ बेन्झिडीनसारखे अरोमॅटिक अमाईन असेल, तर तेच इलेक्ट्रॉन देते आणि त्या व्यवहारात स्वतः डीएनएला चिकटणारे बनते. लॉरेन्स मार्नेट, थॉमस एलिंग, टेरी झेन्सर यांनी १९७०-८०च्या दशकांत या सह-ऑक्सिडीकरणाचा पाठपुरावा केला. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात मारी स्तिबोरोव्हा यांच्या गटाने पेरॉक्सिडेज विकरे सूदान-१लाही असेच सक्रिय करतात, हे प्रयोगशाळेत दाखवले. म्हणजे मेदाम्लाचे ऑक्सिडीकरण हीच रंगाला जागे करणारी एक वाट ठरू शकते.

यातून व्यवहारात काय घ्यायचे? रंग फिका पडला म्हणजे धोका गेला, असे समजू नका. रंग दिसतो तो रेणूतल्या बंधांच्या विशिष्ट रचनेमुळे. रचना मोडली की डोळ्यांना काही दिसत नाही, पण तुकडे तिथेच असतात. कोणते तुकडे होतील हे रंगाची जात, तापमान, धातू आणि ऑक्सिजन यांवर ठरते. त्यांतले काही निरुपद्रवी असतील, काही अमाईन असतील. उलट, वर्षभर जुने तिखट कालच कुटल्यासारखे लाल दिसत असेल तर खुश होण्याआधी थोडे थांबा.

घरगुती चाचण्यांच्या प्रकरणात हा विचार सारखा उपयोगी पडतो. तिखटाची चिमूट पाण्याने भरलेल्या ग्लासात सोडतात आणि लाल रेघा खाली उतरल्या तर भेसळ म्हणतात. चाचणी बरोबर आहे, पण ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगांसाठी आहे. सूदान पाण्यात विरघळतच नाही. ग्लास स्वच्छ राहतो आणि घरधनीण निश्चिंत होते. त्याच तिखटाची भाजी केली की रंग तेलात उतरून तर्रीवर तरंगतो. अस्सल मिरचीचाही रंग तेलातच उतरतो, त्यामुळे तर्रीकडे पाहून निवाडा करता येत नाही. इथे प्रयोगशाळेतली क्रोमॅटोग्राफीच हवी.

तुरीच्या डाळीचे गणित वेगळे. तिला मेटॅनिल यलो चोपडतात. हाही अझो रंग, पण रेणूला सल्फोनिक गट जोडलेला असल्याने पाण्यात विरघळणारा. डाळीवर कोमट पाणी ओतून हलवायचे, ते पिवळे पाणी परीक्षानळीत घ्यायचे आणि शिक्षकांच्या हाताने संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकायचे. पाणी गडद गुलाबी-जांभळे झाले आणि वर साधे पाणी घालूनही गुलाबी टिकले, तर मेटॅनिल यलोचा संशय पक्का. हळदही आम्लात लालसर होते, पण पाणी वाढवले की तो लालपणा जातो. नववी-दहावीच्या पोरांना हा प्रयोग एकदा दाखवला की ते घरची डाळ पुडीत बांधून आणतात, असा शिक्षकांचा अनुभव.

अशा चाचण्या सामान्य माणसाच्या हाती देण्याची मराठी परंपरा आहे आणि तिच्यात कमला सोहोनींचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९३९मध्ये केंब्रिजला पीएच.डी. मिळवणाऱ्या या बाईंनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असते हे दाखवले. पेशीतल्या ऑक्सिडीकरणाच्या साखळीतला तो एक महत्त्वाचा दुवा. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन-संशोधन आणि संचालकपद सांभाळले. मुंबईत १९६६मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून ग्राहकांसाठी लिहिले. ऑक्सिडीकरणाचे मूलभूत संशोधन आणि भेसळीविरुद्धचे काम एकाच माणसाने केले, हा आमच्या दृष्टीने मोठा आधार आहे.

रंग आणि तेल ही दोन्ही शास्त्रे महाराष्ट्रात एकाच छपराखाली शिकवली जात आली आहेत. १९३३मध्ये सुरू झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या संस्थेत, के. वेंकटरामन यांनी रंगांचे रसायनशास्त्र उभे केले. कृत्रिम रंगांवरच्या त्यांच्या ग्रंथाचे पहिले खंड १९५२मध्ये निघाले आणि जगभर वापरले गेले. त्याच संस्थेत तेलांचाही विभाग आहे. नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत १९४२पासून विदर्भातली मुले रसायन तंत्रज्ञान शिकत आहेत आणि तेल तंत्रज्ञान ही तिची जुनी ओळख. हे दोन्ही विषय एका नमुन्यावर एकत्र तपासणारे कौशल्य राळेगावपासून फार दूर नाही.

प्रमाणाबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो. ही पुस्तिका घबराट पसरवण्यासाठी नाही. सूदान-१ने उंदरांच्या काही प्रयोगांत यकृतात गाठी आणल्या, पण एकूण पुरावा तोकडा असल्याने कर्करोग संशोधन संस्थेने त्याला तिसऱ्या गटात, म्हणजे वर्गीकरण करता न येणाऱ्यांत ठेवले आहे. प्रयोगातल्या उंदराला मिळालेली मात्रा आणि आपल्या ताटातली मात्रा यांत फार अंतर असते. विदर्भात तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, आहे आणि तो खाणाऱ्याने आधी तो सोडावा, शेवेच्या रंगाची चिंता नंतर करावी. पण रंगाची भेसळ थांबवायला धोक्याचा शेवटचा आकडा हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही. या रंगांना अन्नात जागाच नाही. कायद्याने आठच कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी दिली आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेत. डाळीला आणि दळलेल्या मसाल्याला वरून रंग लावायची मुभा त्या आठांनाही नाही.

तेलाच्या बाबतीतही नियम आहे. तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही, ही मर्यादा १ जुलै २०१८पासून लागू झाली. पेरॉक्साइड मूल्य ही जुनी आणि स्वस्त चाचणी, पण तिला एक खोड आहे. तेल बिघडायला लागले की हे मूल्य चढते, आणि फार बिघडले की हायड्रोपेरॉक्साइडे मोडल्यामुळे पुन्हा उतरते. सुमारे १८० अंशांवर तापलेल्या कढईत तर ती टिकतच नाहीत. म्हणून साठवलेल्या तिखटासाठी एक चाचणी आणि तळणीच्या तेलासाठी दुसरी, असा भेद आम्ही पुढच्या प्रकरणांत केला आहे.

पुस्तिका कशी वाचावी? रसायनशास्त्राची भीती वाटत असेल तर तिसरे प्रकरण सोडून थेट चौथे, म्हणजे घरच्या चाचण्यांचे, वाचले तरी चालेल. फराळाचे पदार्थ करून विकणाऱ्या बचत गटांतल्या बायांनी साठवणुकीचे प्रकरण आधी वाचावे: तेल किती आणायचे, अंधारात का ठेवायचे, तिखट बियांसकट दळायचे की बिया काढून. शिक्षकांनी प्रयोगांचे प्रकरण मुलांकडे देण्याआधी स्वतः एकदा करून पाहावे.

आणि ज्याला संशय आला आहे त्याने संशयापाशी थांबू नये. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या ४०व्या कलमाने साध्या ग्राहकालाही फी भरून आपण विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क वापरताना अर्जात एवढे जरूर लिहा: याच नमुन्यात तेलात विरघळणारे कृत्रिम रंग आहेत का ते पाहावे आणि याच नमुन्यातले तेल किती बिघडले आहे तेही पाहावे. नुसता रंग तपासला आणि तो सापडला नाही, तर तो मुळात नव्हता की तेलाने गिळला, हे कळायला दुसरा आकडा हाताशी लागतो.